ठकूचा निवाडा

गेणबाच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं ते साल एकोणीसशे एकोणपन्नास. लग्न वैशाखातलं. भुकूमच्या घरापुढचा मांडव अजून उतरवला नव्हता, वरचे आंब्याचे डहाळे वाळून कुरकुरीत झाले होते. गेणबाची बायको धोंडाबाई उरलेल्या बुंदीला मुंग्या लागू नयेत म्हणून परातीखाली पाण्याचं ताट सरकवत होती. तेवढ्यात माणहून एक माणूस आला. चार कोस उन्हातून चालत आलेला, तरी दारात नुसताच उभा राहिला. तिनं तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. तिथंच धोंडाबाईला कळलं, की हा मयताचा सांगावा घेऊन आलाय.

"कृष्णाबाई गेली," तो म्हणाला. "पोरगी झाली, आन दुसऱ्या दिशी गेली. पोरगी हाय."

कृष्णा तिची पाठची बहीण. आईबाप कधीच वारलेले, भाऊ नव्हता. दोघी बहिणीच काय त्या एकमेकींना. कृष्णाला माणच्या वाल्मीकला दिली होती. धोंडाबाई रडली नाही. परात तशीच ठेवून ती निघाली. लवळ्याची टेकडी चढली, नांद्याला उतरली, गुडघाभर पाण्यातून मुळा ओलांडली आणि तिसऱ्या प्रहरी माणमध्ये पोचली. तिचा स्वतःचा तीन महिन्यांचा मुलगा चैत्रात गेला होता. दूध अजून आटलं नव्हतं. बसता उठता चोळी भिजायची, लग्नघरात बायकांपासून तिनं ते पदराखाली झाकून ठेवलं होतं.

वाल्मीकचा थोरला भाऊ हैबतराव, त्याची बायको तुळजाबाई. लग्नाला दहा वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. ती ओसरीत बसून कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून पोरीच्या तोंडात पिळत होती. पोरगी वात चोखायची आणि ओकायची. धोंडाबाईनं बहिणीसाठी गळा काढायच्या आधी पोरीला पदराखाली घेतलं. पोरगी लागली ती सुटेचना.

तुळजाबाई बघत राहिली. मग तीच म्हणाली, "न्या बाई तुमी हिला. तुमच्या अंगाव जगंल. माझ्यापाशी काय हाय?"

वाल्मीक भिंतीला टेकून बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "जगली वाचली तर बघू फुडचं."

पुढं काय बघायचं ते तेव्हा कुणी विचारलं नाही. घरात एक मेलेली आणि एक मरायला टेकलेली, अशा वेळी कोण विचारतो?

पोरगी जगली. तिचं नाव ठकू ठेवलं. धोंडाबाईचा थोरला मुलगा भिकू तेव्हा चार वर्षांचा होता. त्याच्याच टोपड्यात, त्याच्याच झोळीत ती वाढली. 'आये' म्हणायला शिकली ती धोंडाबाईलाच. वाल्मीकनं दुसरं लग्न केलं नाही. दिवाळीला आणि जत्रेला तो येई, पोरीला खांद्यावर घेऊन शिवारातून एक चक्कर मारी आणि जाताना तिच्या हातावर शेवेचा पुडा ठेवी. ठकू त्याला 'माणचा बा' म्हणायची. गेणबा नुसता 'बा'.

ठकूला वळण लई चांगलं होतं, असं सगळा गाव म्हणायचा. आईविना पोर म्हणून लाडावली असं कुणी म्हणू नये याची धोंडाबाईला धास्ती होती. त्यामुळं तिनं पोरीला एक गोष्ट पक्की शिकवली होती: वडीलधारं माणूस दिसलं, की आधी जाऊन पाया पडायचं, मग बाकीचं. ठकू तुरुतुरु धावत जायची, पावलांवर डोकं टेकवायची आणि तशीच उलट पळत येऊन धोंडाबाईच्या लुगड्याच्या निऱ्यांत तोंड लपवायची. कासार आला, त्याच्या पाया. तलाठी आला, त्याच्या पाया. एकदा हातभट्टी धुंडाळत पौडचा शिपाई आला, तर ही त्याच्याही पाया पडली. तो मिशीतल्या मिशीत हसला आणि गूळपाणी पिऊन गेला.

गेणबा म्हणायचा, "ही येक दिवस गोठ्यातल्या बैलाच्याबी पाया पडंल."

"बेंदराला पडतीच की," धोंडाबाई म्हणायची. "तुमीबी पडता."

"मी पडतो त्यो बैलाच्या. तू तर हिला शिपायाच्या पाया पाडलीस. बैल निदान नांगर तरी वढतो."

अशी सहा वर्षं गेली. पंचावन्न सालच्या माघात वाल्मीकला ताप भरला आणि पाचव्या दिवशी तो गेला. दिवस घालायला ठकूला घेऊन धोंडाबाई आणि गेणबा माणला जाऊन आले. त्यावेळी कुणी काही बोललं नाही. मात्र तुळजाबाईनं ठकूला मांडीवर घेऊन तिचे केस विंचरले, ते दोनदा विंचरले, हे धोंडाबाईच्या डोळ्यांनी टिपलं.

फाल्गुनात हैबतराव आणि तुळजाबाई भुकूमला आले. ठकूनं दोघांच्या पाया पडून घेतलं आणि ती भिकूबरोबर बाहेर पळाली. हैबतराव धिप्पाड माणूस, पण आवाज हलका होता. त्यानं चहा संपवला, कप बशीवर पालथा घातला आणि म्हणाला,

"गेणबा, आता पोरगीला आमच्या घरी धाडा."

धोंडाबाई चुलीपुढून उठून दाराआड येऊन उभी राहिली.

"कशापायी?" गेणबा म्हणाला.

"आमच्या भावाची हाय म्हणून. त्यो हुता तवर मी तोंड उघडलं न्हाई. आता त्याच्यामागं त्याचं येवढंच उरलं. आमच्या घरचं नाव लावती ती. उद्या तिचं लगीन व्हईल तवा तिच्या बापाच्या दारात मांडव नगं?"

दाराआडून धोंडाबाई बोलली. "हैबतदादा, सा वर्सं कुटं हुतं तुमचं नाव? गोवर आला तवा, दात आले तवा?"

"तुमचं उपकार न्हाईत असं कोण म्हणतंय?"

"उपकार नगंत मला. पोर पायजे."

तेव्हा तुळजाबाई बोलली. ती भांडायला आलीच नव्हती. ती नुसती म्हणाली, "अक्का, तुमाला भिकू हाय."

धोंडाबाई दाराआड तशीच उभी राहिली. बाहेर भिकू आणि ठकू चिंचेखाली कशावरून तरी भांडत होते, तेवढंच ऐकू येत होतं.

बोलणी तीन वेळा झाली आणि तिन्ही वेळा बिनसली. तिसऱ्या वेळी हैबतराव म्हणाला, पुण्याच्या कोर्टात जातो. गेणबाही तावातावानं म्हणाला, जा, मीबी येतो. शेवटी गावातला जुना जाणता कुशाबा मध्ये पडला. वयानं सत्तरीचा, भल्याभल्यांचे तंटे त्यानं भैरोबाच्या देवळात बसून मिटवलेले. तो म्हणाला, काळ्या कोटवाल्यांच्या पायरीला पोर नेऊन बसवू नका. दोन्ही गावचे पाच पाच लोक बोलवा. देव हाय, आमी हाय.

दिवस ठरला चैत्रातल्या अष्टमीचा.

त्या सकाळी धोंडाबाईनं ठकूला न्हाऊमाखू घातलं, नवं परकर पोलकं घातलं, तेल लावून दोन वेण्या घट्ट घातल्या. तिला फार काही सांगावं असं तिच्या मनात नव्हतं. निवाडा कसा होणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. पंच दोन्हीकडचं ऐकतील, साक्षीपुरावे घेतील, असंच तिला वाटत होतं. पोरगी वळणाची दिसली, नीट वाढवलेली दिसली, की पंचांचं मन आपल्याकडं झुकेल असा तिचा हिशेब. म्हणून वेणीचा पेड आवळता आवळता ती म्हणाली,

"आज लई थोर मानसं येणार हायेत. परगावची हायेत. रडायचं न्हाई, लपायचं न्हाई. आधी पाया पडायचं. माझी मान खाली घालू नगंस, काय?"

"व्हय आये," ठकू म्हणाली. "समद्यांच्या?"

"जे परगावचं असंल त्येच्या आधी."

देवळापुढच्या फरसबंदीवर घोंगड्या अंथरल्या होत्या. एका अंगाला भुकूमचे लोक, दुसऱ्या अंगाला माणचे. बायका कडेला, डोक्यावर पदर घेऊन. बोलणं दीड प्रहर चाललं. माणच्या एकानं म्हटलं, वेल ज्याच्या कुंपणावर चढला त्याचा नसतो, ज्याच्या रानात रुजला त्याचा असतो. त्यावर भुकूमचा नथू म्हणाला, मग पाणी घालणारानं काय मुळ्या चाटायच्या? लोक हसले. हसण्यानं थोडा ताठा उतरला. पण निवाडा होईना. पाच लोक इकडं आणि पाच लोक तिकडं.

मग कुशाबानं काठी फरशीवर आपटली.

"बापय मानसं वाद घालत्यात आन जिचा वाद त्या पोरीला कुणी इचारत न्हाई. हैबतरावानं तिकडं बसावं, धोंडाबाईनं हिकडं बसावं. पोरगीला मधी हुबी करू. तिला मोकळी सोडू. जिकडं जाईल तिकडची."

धोंडाबाईचा जीव भांड्यात पडला. यात काय विचारायचं? ठकू तिच्याशिवाय कुणाकडं जाणार? हैबतरावानं तुळजाबाईकडं बघितलं आणि तोही व्हय म्हणाला. त्याला दुसरी वाटच नव्हती.

"पण मागनं कुणी फिरायचं न्हाई," कुशाबा म्हणाला. "दोगांनीबी बेलभंडार उचला."

गुरवानं देवापुढची बेलाची पानं आणि चिमूटभर भंडारा ताटलीत आणला. बेलभंडार उचलला की दिला शब्द मोडता येत नाही, हे त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि मोडला तर तो मोडणाऱ्यावर उलटत नाही. ज्याच्यासाठी उचलला त्याच्यावर उलटतो. पोरासाठी उचलला तर पोरावर. धोंडाबाईनं न अडखळता उजवा हात पुढं केला. तिच्यामागून हैबतरावानंही केला.

ठकूला मध्ये उभी केली. तिच्या एका बाजूला पंधरा पावलांवर आये, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर चुलता आणि चुलती. देवळावरची कबुतरं तेवढी घुमत होती.

"जा बाळ," कुशाबा म्हणाला. "तुला जायाचं तिकडं जा."

ठकूनं आधी धोंडाबाईकडं बघितलं. धोंडाबाई हसली, मान हलवली. ये, असं म्हणत होती ती. ठकूला वाटलं, आये म्हणतीय, कर सांगितल्यावानी. ती वळली आणि तुरुतुरु हैबतरावाकडं गेली. परगावचा तो. वाकली. त्याच्या पावलांवर तिनं डोकं टेकवलं, मग चुलतीच्या पावलांवर टेकवलं आणि उठून परत फिरायला लागली.

तिला फिरू दिलं नाही. तुळजाबाईनं तिला दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली आणि ती हंबरडा फोडून रडायला लागली. माणची माणसं उठली. कुणीतरी भैरोबाच्या नावानं चांगभलं म्हणालं.

धोंडाबाई ओरडली, "पाया पडाया गेली ती! अवं, पाया पडाया गेली! माझ्याकडंच येतीया, सोडा तिला!"

"हरलं की मानूस असंच म्हणतं, बाई," माणचा एक म्हणाला.

ठकू तुळजाबाईच्या खांद्यावरून आयेकडं बघत होती. रडायचं नाही असं सांगितलेलं होतं, म्हणून रडत नव्हती.

कुशाबानं खाली बघितलं. त्याला दिसलं होतं की नाही कोण जाणे. तो एवढंच म्हणाला, "देवाच्या म्होरं झालंय."

त्याच दिवशी दुपारी त्यांनी ठकूला बैलगाडीत घालून नेलं. भिकू गाडीमागं लवळ्याच्या टेकडीपर्यंत पळत गेला, दगड मारत. परत आला आणि दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तूच शिकवलंस तिला." दहा वर्षांच्या पोराचं बोलणं, पण धोंडाबाईला ते लागलं. ती भाताच्या रोपासाठी राब भाजायला गेली आणि दिवसभर धुरात उभी राहिली, म्हणजे डोळ्यांतून पाणी का येतंय हे कुणी विचारू नये.

आठ दिवसांनी कुशाबा घरी आला. ओट्यावर बसला, तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही.

"धोंडे," तो म्हणाला, "मला रातीची झोप न्हाई. पोरगी पाया पडलीच हुती. मी डोळ्यानं बघितलं आन मला उमजलं न्हाई. पुन्यांदा बसवू का पंच?"

गेणबा एकदम उठून उभा राहिला. "बसवा. आत्ता जातो मी माणला."

तो गेलाही. हैबतरावानं त्याला जेवू घातलं, पण ऐकलं नाही. भैरोबानं पदरात टाकलीय, म्हणाला, मी कशी परत करू? तुळजाबाई आतून बाहेर आलीच नाही.

गेणबा संतापानं लाल होऊन परतला. "आता कोर्टात जायाचं," तो म्हणाला. "पौडच्या वकिलाला मी इचारलंय. पाळलेल्या पोरीवर आपलाबी हक्क सांगता येतो."

"बेलभंडार उचललाय म्या," धोंडाबाई म्हणाली.

"फसवून उचललास. त्येला काय अर्थ?"

"कुणी फसवलं? मीच हात फुडं केला. हासत केला." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तिच्यावर उलटला तर? उद्या तिला काय झालं तर तुमचं कोर्ट तिला माघारी देतंय का?"

गेणबा देवभोळा नव्हता. पण ज्या बाईचं एक तान्हं मातीत गेलंय तिच्याशी या गोष्टीवर वाद घालणं त्याला जमलं नाही.

मार्गशीर्ष आला. आंबेमोहराची कापणी झाली होती आणि खळ्यावर झोडणी चालली होती. धोंडाबाई पेंढी डोक्यावर उचलून फळीवर आपटत होती. सकाळची दहाअकराची वेळ. पेंढी खाली ठेवायला ती वाकली तर खळ्याच्या कडेला ठकू उभी.

एकटी. पायात काही नाही. परकराला कुसळं चिकटलेली, ओला झालेला काठ वाळून कडक झालेला. नदी उतरून आली होती सहा वर्षांची पोर. भल्या पहाटे बायका पाण्याला गेल्या तेव्हा निघाली होती. नांद्यात एकानं हटकलं तर म्हणाली, माझी आये पुढं गेलीया.

धोंडाबाईनं तिला कशी उचलली, खळ्यावरून घरी कशी आणली हे तिला नंतर आठवेना. तिनं तिचे पाय कोमट पाण्यात धुतले. तळव्यातला काटा काढला. भाकरी दुधात कुस्करून भरवली. ठकू घास घेता घेता बोलत होती: तिकडं शेळीनं दोन पिल्लं दिली, चुलती तूप लई वाढती, चुलता घोड्यासारखा घोरतो.

"आये, मला वाट ठावी हाय आता," ती म्हणाली. "टेकडीवर ते वाकडं झाड हाय ना, तितनं आपलं घर दिसतं."

"चुलती मारती का तुला?"

"न्हाई."

"बोलती का?"

"न्हाई. ती रडती. मी आये म्हणत न्हाई म्हणून." ठकूनं वाटी चाटली. "आता मी हितंच ऱ्हानार. भिकू कुटं हाय?"

मारत असती तर बरं झालं असतं, असं धोंडाबाईच्या मनात येऊन गेलं. तेवढ्या आधारावर तिनं देवालाही जाब विचारला असता.

गेणबा खळ्यावरून धावत आला. ठकूला त्यानं वर फेकून झेलली. मग बायकोचं तोंड बघितलं आणि पोरीला खाली ठेवली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आपन आणली न्हाई. तिच्या पायानं आलीया."

"आपल्या घरात येक रात निजली तर मोडला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगाया कशाला पायजे?" तिनं पोरीच्या केसांतलं कुसळ काढलं. "तुमी खळ्यावरचं आटपा आन गाडी जुपून मागनं नांद्याला या. मी हिला पोचवून येते."

"तुझं काळीज हाय का दगड?" गेणबा म्हणाला. लग्न झाल्यापासून असं तो कधी बोलला नव्हता. ती पदर खोचून उठली.

ठकूला वाटलं, तिकडची कापडं आणायला जायचंय. टेकडी चढेपर्यंत ती पुढं पुढं उड्या मारत होती. वाकड्या झाडापाशी थांबून तिनं घर दाखवलं. लवळ्याच्या उतारावर तिचे पाय दुखायला लागले, मग धोंडाबाईनं तिला पाठीवर घेतली. ठकू तिच्या कानाशी गुणगुणत होती. नांदं मागं पडलं. नदीच्या काठाशी आल्यावर गुणगुण थांबली.

"आये, कापडं घिऊन माघारी येयाचं ना?"

धोंडाबाईनं पाण्यात पाय घातला.

"आये?"

"तुला तितंच ऱ्हायाचंय बाळा."

पाठीवरचं वजन एकदम वेगळं झालं. आधी ते चिकटलेलं होतं, आता नुसतं ठेवलेलं. भर पाण्यात ठकूनं विचारलं, "म्या काय केलं?"

काय केलं होतं तिनं? जे सांगितलं तेच केलं होतं. तू चुलत्याच्या पाया पडलीस म्हणून तुला नेलं, हे धोंडाबाईच्या ओठावर आलं. आणि तिथंच तिला दिसलं, की हे एकदा बोललं तर पोर जन्मभर स्वतःच्या डोक्याला बोल लावील. मी वाकले नसते तर, मी आधी आयेकडं गेले असते तर. सहा वर्षांच्या जिवाला हे कशाला? त्यापेक्षा आपण वाईट झालेलं बरं.

"काय न्हाई केलंस," ती म्हणाली.

"मग मी तुला नगं का?"

पाणी गुडघ्यांपर्यंत आलं होतं, थंडगार. धोंडाबाई पाय चाचपत चालत राहिली. तिनं नाही म्हटलं नाही आणि व्हय म्हटलं नाही.

माणमध्ये पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. तुळजाबाई वेड्यासारखी गल्लीतून पळत आली. सकाळपासून विहिरी बघून झाल्या होत्या. तिनं पोरीला रागं भरलं नाही. धोंडाबाईचे दोन्ही हात धरून ती म्हणाली, "तुमी ठेवून घेतली असती तर मी आले नसते मागायला. खरंच सांगते अक्का. माझ्यात आता बळ न्हाई."

हे ऐकून धोंडाबाई उंबऱ्यावर बसली. म्हणजे शब्द मोडायला तुळजाबाईची ना नव्हती. बेलभंडार तेवढा मध्ये होता. तिनं एकदा विचारलं, "हैबतदादा सोडतील का शब्द?"

हैबतराव खांबाला टेकून उभा होता. "आपुन दोगांनी सोडला म्हणून भैरोबा सोडंल का?" तो म्हणाला. "पोरीवर उलटला तर मी तुमाला काय तोंड दावू?"

भीती दोघांचीही एकच होती. ती भीती पोरीच्या मायेपोटीच होती, यावर कुणी काय बोलायचं? धोंडाबाई उठली. ठकू आत निघून गेली होती.

पुढच्या दिवाळीला धोंडाबाई करंज्या घेऊन गेली. ठकूनं पाण्याचा तांब्या आणून दिला, पावलांवर डोकं टेकवलं आणि आत गेली. "मावशी आलीया आये," असं ती आत तुळजाबाईला सांगत होती. धोंडाबाईनं ते पाणी पिऊन घेतलं. नंतर ती दर दिवाळीला जात राहिली. मावशी म्हणून जायची आणि मावशी म्हणून परत यायची.

चौसष्ट साली ठकूचं लग्न झालं, तिला महाळुंग्याला दिली. तिच्या बापाच्या दारात मांडव पडला, हैबतराव म्हणाला होता तसा. सख्खा मामा नव्हता म्हणून मामाच्या जागी गेणबा तिच्या मागं उभा राहिला. अक्षता पडेपर्यंत तो बोहल्यावर ढसाढसा रडत होता आणि माणची माणसं म्हणत होती, मावसा असून किती माया. धोंडाबाई बायकांत मागं बसली होती.

सदुसष्टच्या पौषात धोंडाबाईचं दुखणं वाढलं. पोटात गाठ होती. पुण्याच्या दवाखान्यात दाखवलं, त्यांनी घरी न्यायला सांगितलं. भिकूनं महाळुंग्याला सांगावा धाडला. ठकू आली. कडेवर सात महिन्यांची मुलगी. चार दिवस राहिली. मावशीला पेज भरवली, अंग पुसलं, केसांची गुंतवळ सोडवली. कामं सगळी केली, पण बोलणं कामापुरतं.

चौथ्या दिवशी मुलीला पाजता पाजता ती म्हणाली,

"मावशे, येक इचारू?"

"इचार."

"त्या वक्ताला मला माघारी का नेलंस? मी येकली नदी उतरून आले हुते." तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "ही झाल्यापासून मला रोज आठवतं. मला तर न्हाई नेववणार हिला कुटं."

गेणबा दारात बसला होता. तो वळला. "ठके, त्या दिशी देवळात तू—"

"गप ऱ्हावा," धोंडाबाई म्हणाली. आवाज उरला नव्हता, पण गेणबा गप्प झाला.

ठकू वाट बघत होती. धोंडाबाईनं तिच्या मांडीवरच्या लेकराकडं बघितलं. आता सांगितलं तरी काय व्हायचं? अठरा वर्षांची बाई ही. तिच्या कडेवर पोर, घरात कामाचा रगाडा. सहाव्या वर्षी केलेल्या एका नमस्काराचं ओझं तिनं उरलेला जन्म वाहायचं?

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"येवढंच?"

"येवढंच."

ठकूनं मुलीला खांद्यावर टाकून थोपटलं. तिचे डोळे कोरडे होते. "मला वाटलं हुतं कायतरी कारण असंल," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. निघताना पाया पडली. धोंडाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला तो लवकर काढला नाही, पण एसटीची वेळ झाली होती.

धोंडाबाई त्यानंतर सहाव्या दिवशी, एकोणीसशे सदुसष्टच्या पौष महिन्यात, मंगळवारी सकाळी भुकूमला राहत्या घरी वारली.